रिपोर्टमधले लांबलचक इंग्रजी शब्द शेपटीकडून वाचा

आईच्या रिपोर्टवर 'कोलेसिस्टेक्टमी' वाचून मी घाबरलेच होते, इंग्रजीत पंधरा अक्षरी शब्द, मग दादर ते मुलुंड लोकलमध्ये बसून तो शब्द फोडला आणि जीव भांड्यात पडला. असे शब्द बहुतेक ग्रीक तुकडे जोडून बनलेत आणि मुख्य अर्थ शेवटच्या तुकड्यात, म्हणजे शेपटीत असतो, म्हणून शेवटाकडून वाचायचे. 'एक्टमी' म्हणजे कापून काढून टाकणं, 'सिस्ट' म्हणजे पिशवी, 'कोले' म्हणजे पित्त, झालं, पित्ताची पिशवी काढायचं ऑपरेशन!

शेवटी 'आयटिस' दिसलं की सूज किंवा दाह समजा. टॉन्सिलायटिस, अपेंडिसायटिस तर आपण रोज बोलतोच. गॅस्ट्रोएंटेरायटिस पण पंधरा अक्षरीच, गॅस्ट्रो पोट, एंटेरो आतडं, म्हणजे दोन्हीकडे दाह, पावसाळ्यात मुंबईत हा शब्द कानावर पडतोच.

'स्कोपी' म्हणजे आत बघणं, कोलोनोस्कोपी म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने तपासणं.

एक मात्र नीट बघा हां, 'ऑटमी' आणि 'एक्टमी' सारखे वाटतात पण ऑटमी म्हणजे नुसता छेद, अवयव काढत नाहीत. ट्रेकिओटमीत श्वासनलिकेला छेद देतात, नलिका जागेवरच राहते. वहीत शेपटीप्रमाणे एकेक पान करा, नवीन शब्द दिसला की त्या पानावर लिहा, आणि उपचाराचं काही असेल तर डॉक्टरांनाच विचारा.