खरेदी कक्षाचे काम आकड्यांत मांडताना

गोव्यातल्या एखाद्या सरकारी खात्यात ‘खरेदी कक्षाने पैसे किती वाचवले?’ असे विचारले, तर सर्वात सोपे उत्तर म्हणजे अंदाजपत्रकातून निविदेचा दर वजा करणे. ते देऊ नका. अंदाज फुगलेला असला की बचतही फुगते आणि लेखापरीक्षक पहिले बोट तिथेच ठेवतो.

समजा, 500 खुर्च्यांचा अंदाज प्रत्येकी 2,000 रुपये होता आणि 1,600 ला मिळाल्या. कागदावर 2 लाख वाचले. पण गेल्या वर्षी तीच खुर्ची 1,520 ला आली होती. त्या जिनसाच्या भावात वर्षभरात 4 टक्के वाढ झाली असे धरले तरी तुलनेचा दर 1,580.80 निघतो. म्हणजे बचत सोडाच, 9,600 रुपये जास्तच गेले. तेव्हा पाया धरायचा तो मागच्या खरेदीचा दर, महागाईने सुधारलेला. त्यासाठी केंद्र सरकारच्या आर्थिक सल्लागार कार्यालयाचा मासिक घाऊक किंमत निर्देशांक वापरा, आणि एकूण आकडा न घेता त्या वस्तुगटाचा घ्या. वस्तू पहिल्यांदाच घेत असाल, तर जेमवरचे (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावरचे) दर आणि दुसऱ्या खात्याचा ताजा आदेश पाहा. पाया कुठला धरला ते निविदा उघडण्याआधी फाईलवर नोंदवा. नंतर ठरवलेला पाया नेहमी सोयीचाच निघतो.

बचतीचे दोन रकाने ठेवा. पहिल्यात खरोखर कमी खर्च झालेले पैसे, म्हणजे त्या लेखाशीर्षाखाली (अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या सदराखाली) शिल्लक राहिलेले किंवा परत केलेले. दुसऱ्यात टळलेला खर्च: हमी काळात फुकट झालेली दुरुस्ती, न केलेली अनावश्यक खरेदी. या दोहोंची बेरीज कधीही करू नका. पहिल्या रकान्यावर लेखाधिकाऱ्याची सही घ्या. सही मिळत नसेल तर ती रक्कम दुसऱ्या रकान्यात टाका.

आता वेळ. मला विचाराल तर कक्षाची खरी किंमत इथेच दिसते, कारण गोव्यात पावसाळा कुणासाठी थांबत नाही. गटार उपसण्याचा कार्यादेश जूनमध्ये निघाला तर दर कितीही कमी असो, त्याचा उपयोग नाही. प्रत्येक फाईलसाठी साध्या एक्सेलमध्ये या तारखा लिहा: मागणीपत्र आले, तपशील पक्का झाला, प्रशासकीय मान्यता व खर्चमंजुरी, निविदा जाहीर, तांत्रिक बोली उघडली, आदेश दिला, माल पोचला, तपासणी झाली, बिल आले, पैसे गेले. शेजारी ‘फाईल कुणाकडे होती’ हा रकाना हवाच. नाहीतर वित्त खात्यात पडून राहिलेले दिवस खरेदी कक्षाच्या नावावर चढतात. तपशील अर्धवट म्हणून फाईल मागणी करणाऱ्या विभागाकडे परत गेली, तर ते दिवसही वेगळे मोजा. पण किती फाईली अशा परतल्या हेही सांगा, कारण त्या कमी करणे हेही कक्षाचेच काम.

सरासरी काढू नका. एखादी निविदा न्यायालयात अडकली की सरासरी बिघडते. सगळ्या फाईलींचे दिवस चढत्या क्रमाने लावून अगदी मधला आकडा घ्या आणि सर्वात रेंगाळलेल्या फाईली कारणासह खाली द्या.

स्पर्धा मोजताना आलेल्या बोली मोजू नका, तांत्रिक छाननीत पात्र ठरलेल्या मोजा. तीन बोलींपैकी दोघांचा पत्ता किंवा फोन एकच निघाला तर ती स्पर्धा नव्हे. त्याची नोंद घ्या आणि वरिष्ठांना कळवा. एकच पात्र बोली आलेल्या निविदांचे प्रमाण दर तिमाहीला काढा. राज्य लहान, पुरवठादार मोजके, हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. आदेश निघाल्यावर, निविदापूर्व बैठकीला येऊनही बोली न भरलेल्यांना विचारा. उलाढालीची अट जास्त, मुदत फार थोडी, किंवा दिवाडी-चोडण बेटांवर फेरीबोटीतून माल नेण्याचा खर्च दरातच गाडलेला, अशी कारणे पुढे येतील. शेवटच्यावर उपाय सोपा: वाहतुकीचा दर वेगळा मागवा, म्हणजे मुख्य दरांची तुलनाही स्वच्छ होते.

आदेशानंतरचे आकडे बहुधा कुणीच ठेवत नाही. मुदतीत आलेला माल, तपासणीत नाकारलेला माल, हमीत मागितलेली आणि प्रत्यक्ष झालेली दुरुस्ती, उशिरासाठी कापलेला दंड, एवढे पुरे. बिलांचे दिवस मात्र नीट पाहा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पैसे द्यायची मुदत करार करूनही 45 दिवसांपलीकडे नेता येत नाही. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 नुसार उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. असे व्याज एका वर्षात किती देणे झाले असते, हा आकडा वरिष्ठांपुढे ठेवून पाहा. फाईल लवकर हलते.

एक धोका आहे. आकडा गुणांसाठी वापरला की लोक आकडाच सांभाळतात. ‘दिवस’ कमी दाखवायला मागणीचे तुकडे करून लहान खरेद्या होतात. मंजुरी किंवा निविदा टाळण्यासाठी असे तुकडे करणे सामान्य वित्तीय नियम, 2017 ला मंजूर नाही. म्हणून एकाच पुरवठादाराला तीन महिन्यांत गेलेल्या एकाच वस्तूच्या आदेशांची यादी वेगळी काढा. आर्थिक वर्ष संपताना, मार्चमध्ये, ती आधी पाहा.

मांडणी एका पानाची ठेवा: वर बचतीचे दोन रकाने, मग दिवसांचा मधला आकडा, एकाच बोलीचे प्रमाण, वेळेत आलेल्या मालाचे प्रमाण, आणि त्या तिमाहीत बिघडलेल्या दोन गोष्टी. वाईट आकडे लपवलेल्या पानावर चांगल्यांचाही विश्वास बसत नाही. विधानसभेत एलएक्यू (आमदाराचा प्रश्न) आला किंवा माहिती अधिकाराचा अर्ज पडला तर उत्तर याच नोंदवहीतून काढा, नवा आकडा बनवू नका. पुढच्या वर्षाचे अंदाज तयार व्हायच्या आधी, डिसेंबरपर्यंतचे पान लेखाधिकाऱ्याकडे पोचलेले असावे.