दोन मोठ्या कॅटमरानांपैकी आपली कोणती? बडोद्यात बसून निवड कशी करावी

कॅटमरान, म्हणजे दोन जोड सांगाड्यांची शिडाची बोट, घ्यायची ठरली की यादी छाटत छाटत शेवटी दोन बोटी उरतात आणि घरात दोन तट पडतात. धरून चालू की त्या दोन म्हणजे फ्रेंच बनावटीची लगून 450 एफ आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला बांधलेली लेपर्ड 48. पहिली सुमारे 13.96 मीटर लांब आणि 7.87 मीटर रुंद, दुसरी 14.75 बाय 7.64. कागदावर फरक फार नाही, म्हणून बहुतेक जण केबिनी आणि फोटो बघून ठरवतात. माझं ठाम मत आहे की सुरुवात वजनापासून करावी.

आधी ओझ्याचा हिशेब

कॅटमरानचे दोन्ही हल (पाण्यात बसणारे लांबट सांगाडे) सडपातळ असतात. त्यामुळे ती हलकी असताना छान पळते, पण ओझं वाढलं की लगेच जड होते. हा हिशेब बडोद्यात घरी बसून पूर्ण करता येतो. वहीत लिहा: पाणी 700 लिटर म्हणजे 700 किलो. डिझेल 600 लिटर, सुमारे 500 किलो. सहा माणसं आणि त्यांचं सामान 600. डिंगी (किनाऱ्यावर ये-जा करायची छोटी होडी) आणि तिचं इंजिन 150. बॅटऱ्या, सोलर पॅनेल, जादा नांगर आणि साखळी 300. डाळ-तांदूळ, पीठ, तेल, मसाले आणि भांडीकुंडी 200. बेरीज अडीच टनांच्या घरात जाते. आता दोन्ही बोटींसाठी निर्मात्याने दिलेली भारक्षमता काढा आणि त्यात भरलेल्या टाक्या धरल्या आहेत की नाहीत, हे लेखी विचारा. हा एक प्रश्न विचारला की जाहिरातीतला आकडा बराच खाली येऊ शकतो.

ओझं इतकं महत्त्वाचं का? दोन हलांना जोडणाऱ्या ब्रिजडेकचा तळ पाण्यापासून किती वर आहे, ते या ओझ्यावर अवलंबून असतं. ही उंची पाण्यावरच्या लांबीच्या 5 ते 6 टक्के असावी, असा ढोबळ ठोकताळा आहे, म्हणजे 14 मीटरला 70 ते 84 सेंटिमीटर. ती कमी पडली की समोरून येणारी लाट तळावर आदळते. रात्रभर तो दणका सुरू राहिला तर झोप होत नाही आणि जोडांवरही ताण येतो. त्यामुळे ही उंची बोट रिकामी असताना नाही, पूर्ण भरलेली असताना मोजून घ्या.

मग फक्की

सोसायटीच्या मैदानात किंवा नवलखी मैदानावर परवानगी काढून दोन्ही बोटींची रूपरेषा फक्कीने आखा आणि घरच्यांना त्यात उभं करा. पावणेआठ मीटर रुंदी म्हणजे काय, ते तेव्हा कळतं. मरीनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, अशा बोटीला बहुधा जादा भाडं पडतं. दुरुस्तीसाठी तिला पाण्याबाहेर काढायचं तर यार्डाची क्रेन तेवढी रुंद लागते, आणि अशी क्रेन सगळीकडे नसते.

सुकाणू कुठे?

लगून 450 एफवर सुकाणूचं चाक वरच्या फ्लायब्रिजवर, म्हणजे छतावरच्या उघड्या मजल्यावर आहे. तिथून चारही बाजू दिसतात, पण ऊन-वारा अंगावर येतो, वर-खाली करावं लागतं आणि बूमही (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) उंच जातो. लेपर्ड 48 वर सुकाणू कॉकपिटला (मागची उघडी बैठक) लागून, जरा उंचावर आहे आणि सलूनमधून (आतली बैठकीची खोली) थेट पुढच्या बाजूला उघडणारं दार आहे. नवरा-बायको दोघांनीच बोट हाकायची असेल तर मी लेपर्डकडे झुकेन. रात्रीच्या पाळीवर एकजण असताना दुसऱ्याला हाक ऐकू आली पाहिजे. माणसं भरपूर आणि मुक्काम बेटांच्या आडोशाला असेल तर लगूनची वरची बैठक फार सुखाची. स्वयंपाकाचा ओटा वर सलूनमध्ये की खाली हलमध्ये, याची चर्चा लांबवू नका. दोन्हींत तो वरच आहे.

कॅटमरान वाऱ्याने फारशी कलत नाही, त्यामुळे शिडावर ताण वाढलेला अंगाला जाणवत नाही. कोणत्या वेगाच्या वाऱ्याला किती शीड कमी करायचं, याचा तक्ता बोटीच्या पुस्तिकेत असतो. ज्या बोटीचा तक्ता मिळत नाही, ती घेऊ नये.

ठेवणार कुठे?

आपल्या जवळचा समुद्र म्हणजे खंभातचं आखात. तिथे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरपर्यंत जातो, ओहोटीला मैलभर गाळ उघडा पडतो. तिथे अशी बोट कायम ठेवण्याचा विचार सोडा. कोचीच्या बोळगट्टी बेटावर मरीना आहे. तिथे एवढ्या रुंदीची जागा आहे का, ते व्यवहाराआधी विचारा. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर पर्यटनाचं शीडकाम होत नाही, तेव्हा पावसाळ्यातला मुक्कामही आधीच ठरवा.

शेवटी तपासणी

ही दोन्ही मॉडेलं आता जुनीच मिळतात, तेव्हा विक्रेत्याशी संबंध नसलेला सर्व्हेअर नेमा. बल्कहेडला (बोटीतल्या आडव्या भिंतींना) चिरा, डेकखाली ओल, सेलड्राइव्हचं (इंजिनाची ताकद तळातून पंख्याला देणारा भाग) रबरी सील आणि डोलकाठीच्या तारा, ही चार ठिकाणं त्याच्याकडून आवर्जून तपासून घ्या. तारा बदलल्याची पावती मागा; दहा वर्षांहून जुन्या असतील तर त्यांचा खर्च किमतीतून वजा करा, कारण विमा कंपनीही ते विचारते. चार्टरला, म्हणजे भाड्याने, वापरलेल्या बोटीत इंजिनाचे तास बघा. चाचणी सफर 15 ते 20 नॉट वाऱ्यात, समोरच्या लाटेत मागा. विसार देताना करारात अट घाला की सर्व्हेत मोठा दोष निघाला तर रक्कम परत मिळेल.