चक्करच्या ओपीडीतला कंट्रोल ग्रुप

मेनिएर रोग म्हणजे चक्करचे झटके आणणारा आणि ऐकू येणे कमी करणारा आतल्या कानाचा आजार. त्याच्या निदानात इलेक्ट्रोकॉक्लिओग्राफी, म्हणजे आतल्या कानातले विद्युत संकेत नोंदणारी चाचणी, कितपत अचूक ठरते, हा विषय मी एमएसच्या थिसिससाठी घेतला तेव्हा संवेदनशीलता (आजार असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते) आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ती निगेटिव्ह ठरवते) यांची सूत्रे मला तोंडपाठ होती, आणि तरीही मी फसले ती माणसे निवडताना. मराठवाड्यातल्या आमच्या महाविद्यालयात पक्के निदान झालेले रुग्ण मोजकेच येत. ते मिळतील तसे घेतले आणि तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल ग्रुप म्हणून, वसतिगृहातल्या निरोगी ज्युनिअर्सना खुर्चीत बसवले. दोन्ही गटांतले एसपी-एपी गुणोत्तर (चाचणीच्या आलेखावरच्या एसपी आणि एपी या दोन विद्युत लहरींचे प्रमाण) इतके वेगळे आले की मी हुरळून गेले. विभागातल्या सादरीकरणात एका ज्येष्ठ मॅडमनी एवढेच विचारले, "या पोरांना चक्कर येते म्हणून कोणी पाठवले होते का?"

हे नीट समजून घ्या, कारण मला ते समजायला चार महिने लागले. ठणठणीत माणूस ओळखायला ही चाचणी लागतच नाही. ती लागते व्हेस्टिब्युलर मायग्रेन (चक्कर आणणारी अर्धशिशी) किंवा बीपीपीव्ही (डोके हलवल्यावर येणारी क्षणिक चक्कर) असलेल्या रुग्णांतून मेनिएरचा रुग्ण वेगळा काढायला. समजा, संवेदनशीलता ६० टक्के आणि विशिष्टता ९० टक्के आहे. तीस रुग्ण आणि तीस निरोगी घेतले, तर २१ जणांची चाचणी पॉझिटिव्ह येईल आणि त्यांतले १८ खरे रुग्ण असतील. तीच चाचणी चक्कर येणाऱ्या अशा शंभर जणांवर करा, ज्यांच्यात दहालाच मेनिएर आहे: पॉझिटिव्ह १५, खरे फक्त ६. हा हिशेबसुद्धा विशिष्टता ९० वरच टिकली असे धरून केलेला आहे, आणि ती तशी टिकेल याची काही खात्री नसते. म्हणून ओपीडीत चक्करची तक्रार घेऊन येणारा प्रत्येक रुग्ण, निकषात बसत असेल तर, ओळीने घ्या. "निरोगी घ्या, लवकर उरकेल" असे सांगणारे गाइड भेटतील. त्यांना थिसिस उरकायचा असतो, जाब मात्र तुम्हाला द्यावा लागतो.

संख्या कमी पडली तर घाबरू नका. विश्वासांतर (खरा आकडा ज्या मर्यादांत असावा तो पट्टा) रुंद येईल, ते तसेच लिहा. मागच्या बॅचच्या थिसिसमधला कट-ऑफ (ज्या गुणोत्तरापासून चाचणी पॉझिटिव्ह धरायची तो आकडा) उचलू नका, आणि आलेखावर एसपीची खूण करणाऱ्याला तो आलेख कोणाचा आहे हे कळू देऊ नका. पायारेषा पेन्सिलीने किंचित खाली-वर धरली तरी गुणोत्तर बदलते, हे मी स्वतःच्या हाताने करून पाहिले आहे.

राहिला संदर्भ निकष, म्हणजे मेनिएर खरोखर कोणाला आहे हे ज्यावरून ठरवायचे तो. बारानी सोसायटी या चक्कर आणि तोलाच्या विकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१५ च्या निकषांनुसार निश्चित निदानासाठी २० मिनिटे ते १२ तास टिकणारे किमान दोन झटके, कानाच्या कमी-जास्त होणाऱ्या तक्रारी आणि ऑडिओग्रामवर (ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर) नोंदलेला कमी ते मध्यम वारंवारतेचा श्रवणदोष लागतो. ऑडिओग्राम त्यातच धरलेला असल्यामुळे त्याचीच अचूकता या निकषावर तपासू नका. दुसऱ्या झटक्याची वाट पाहावी लागते, आणि आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास बीडकडचे रुग्ण ऊसतोडीला निघून जातात. त्यामुळे पहिल्याच भेटीत घरच्या नंबरासोबत मुकादमाचाही नंबर लिहून घ्या.