तोतरेपणा : डीएएफ ॲपने उलट जास्त अडखळायला व्हायचं, ते कसं सुटलं

फोनवर स्वतःचं नाव सांगताना 'प'वर ओठ मिटायचे ते उघडायचेच नाहीत. डीएएफ, म्हणजे आपलाच आवाज कानात किंचित उशिरा ऐकवणारं ॲप, घेतलं. झालं भलतंच: शब्द लांबायला लागले, दारू प्यायल्यासारखे. ॲप बदललं, आवाज वाढवला, उशीर वाढवत २०० मिलिसेकंदांवर नेला, आणखी बिघडलं. दोन महिने असेच वाया गेले.

चूक ब्लूटूथमध्ये होती. माइकजवळ चुटकी वाजवली. ॲपमधला उशीर शून्यावर असूनही कानात ती स्पष्ट मागाहून आली. ब्लूटूथ स्वतःच शंभर-दोनशे मिलिसेकंद खातं. आणि २००च्या आसपासचा उशीर न अडखळणाऱ्यालाही अडखळवतो, हे तर १९५० पासून माहीत आहे.

मग या क्रमाने केलं. वायरचे इयरफोन लावले. उशीर शून्यावर ठेवून पुन्हा चुटकी. आता अंतर जेमतेम. मग उशीर ६० केला. त्यानंतर आवाजाची पट्टी अर्धा सप्तक खाली (एफएएफ म्हणतात ते). आवाज बोलण्याइतकाच. आधी पाच मिनिटं पेपर मोठ्याने वाचला, मगच फोन. कॉल चालू असताना माझ्या फोनवर ॲपला माइक मिळत नाही, म्हणून ॲप जुन्या फोनवर, एका कानात इयरफोन, दुसऱ्या कानाला कॉलचा फोन. ध्यान दिसतं, पण चालतं.

नाव आता बहुतेकदा सुटतं. इयरफोन काढले की फरक बराच ओसरतो, म्हणून स्पीच थेरपी चालूच ठेवली आहे.