दिनविशेषाचा फळा: १४ एप्रिल कसा लिहायचा

आमच्या माझगावच्या चाळीत जिन्याखाली एक फळा आहे. चार फूट लांब, तीन फूट उंच, शेजारी वाचनालयाचं कपाट. शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, त्यावर रोजचा दिनविशेष मी लिहिते. आता गुडघे फार वेळ उभं राहू देत नाहीत आणि दुसऱ्या मजल्यावरची दोन मुलं फळा सांभाळायला तयार झाली आहेत. त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या शाळेत किंवा सोसायटीत असा फळा आहे त्यांच्यासाठी, हे लिहून ठेवते. उदाहरणाला १४ एप्रिल घेते, कारण फळा लिहायला मला याच तारखेनं शिकवलं.

पहिल्या वर्षी मी कॅलेंडरच्या मागच्या पानावरून उतरवलं होतं. सगळ्यात वर बाबासाहेबांची जयंती. त्याखाली 'टायटॅनिक जहाज बुडाले' आणि 'अब्राहम लिंकन यांचे निधन'. तळमजल्यावरचे आजोबा दूध घेऊन येत होते. ते लहानपणी मांडवीला वाढलेले. फळ्यासमोर थांबले, चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बाई, गोदी राहिली."

मला गोदीचा स्फोट माहीत नव्हता असं नाही. माझगावात राहून तो माहीत नसणं शक्यच नाही. पण छापील यादीत तो नव्हता, म्हणून माझ्याही फळ्यावर आला नाही. तेव्हापासूनचा माझा पहिला नियम असा: यादी उघडायच्या आधी डोळे मिटून विचारायचं, या तारखेला इथून चालत जाता येईल अशा ठिकाणी काय झालं होतं? ती ओळ आधी लिहायची. बाकीचं जग नंतर.

गोदीची हकिगत अशी. दुसरं महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टिकीन' नावाचं मालवाहू जहाज कराचीहून मुंबईत येऊन व्हिक्टोरिया गोदीत लागलं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपं आणि सोन्याच्या लगडी. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी आतून धूर निघताना दिसला. अग्निशमन दलाची माणसं पाण्याचे पाइप घेऊन जहाजावर चढली. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि साधारण अर्ध्या तासानं दुसरा. शेजारचं 'जलपद्म' जहाज उचलून धक्क्यावर आपटलं. पेटलेला कापूस आसपासच्या वस्त्यांवर पडला आणि आग गोदीबाहेर पसरली. आजोबांच्या आईनं पोरांना ओल्या गोधडीत गुंडाळून भायखळ्याच्या दिशेनं पळवलं होतं. ही गोधडीची गोष्ट आजोबांनी मला त्याच सकाळी, दूध हातात तसंच धरून, सांगितली.

आता यातलं फळ्यावर काय घ्यायचं? मृतांचा एकूण आकडा मी लिहीत नाही. आठशेपासून तेराशेपर्यंत निरनिराळे आकडे दिलेले आढळतात, आणि त्यातला एक उचलून खडूनं पक्का करायचा अधिकार आपल्याला नाही. तिथे 'शेकडो' हा शब्द प्रामाणिक आहे. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, हा आकडा मात्र पक्का आहे. त्यांच्याच स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. म्हणून तो आकडा मी अंकात आणि ठळक लिहिते. आकड्यांबाबत नेहमी हेच करा: ज्यावर सगळे एकमत आहेत तो लिहा, उरलेल्यासाठी शब्द वापरा.

जुनी वर्तमानपत्रं तपासताना एक भान ठेवा. छापील बातमी घटनेनंतर, बहुतेक दुसऱ्या दिवशीची असते, त्यामुळे अंकावरची तारीख ही घटनेची तारीख नव्हे. गोदीच्या बाबतीत तर युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे सविस्तर बातमी छापायला मे महिना उजाडावा लागला. १५ एप्रिलच्या अंकात शोधून 'असं काही झालंच नाही' असा निष्कर्ष कुणी काढला तर चूक त्याची नाही, पण फळा मात्र चुकेल.

आता उरलेल्या दोन ओळी. सातवीतल्या एका मुलीनं त्याच संध्याकाळी मला थांबवलं. टायटॅनिक १४ ला हिमनगावर आदळलं, रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी, आणि बुडालं १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे २ वाजून २० मिनिटांनी. लिंकनचंही तसंच. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री नाट्यगृहात त्यांना गोळी लागली आणि प्राण गेला तो १५ च्या सकाळी. एकाच फळ्यावर दोन ओळी, आणि दोन्हींत घाव आणि मृत्यू मी एकच धरले होते. म्हणून क्रियापद लिहिताना थांबा. आदळले की बुडाले? गोळी लागली की निधन? तारीख क्रियापदाला चिकटलेली असते, माणसाच्या नावाला नाही.

मृत्यू आणि अंत्यसंस्कार यांतही हाच घोळ होतो. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत झालं. पार्थिव विमानानं मुंबईला आणलं आणि दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले ते ७ डिसेंबरला. मुंबईच्या माणसाला 'दादर' आठवतं, म्हणून मृत्यूही इथलाच वाटतो. फळ्यावर दोन्ही गावं लिहा.

मध्यरात्रीच्या आसपासचे प्रसंग तर घड्याळ लावूनच तपासावेत. लोकमान्य टिळक सरदारगृहात गेले ते मध्यरात्र उलटल्यावर, म्हणून तारीख १ ऑगस्ट १९२०. त्याच दिवशी वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले. या दोन ओळी मी नेहमी सारख्याच उंचीच्या अक्षरांत लिहिते. गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मंजूर झाला, नेत्यांची धरपकड ९ च्या पहाटे झाली, आणि आपण क्रांती दिन ९ ला पाळतो. दोन दिवस, दोन फळे. परदेशी घटनांत तिथली तारीख धरा आणि तसं सांगा. चंद्रावर माणसाचं पाऊल पडलं तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची रात्र होती, आपल्याकडे २१ ची सकाळ उजाडलेली होती.

तिथी आली की मुलं घाबरतात. घाबरू नका, साधी बेरीज आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण घटना जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळातली असेल तर ७९ मिळवायचे, कारण इसवी सन बदललेला असतो आणि शक अजून बदललेला नसतो. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. अधिक ७८, १६७४ बरोबर. शिवजन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. इथे ७८ मिळवून १६२९ लिहिलेला फळा मी पाहिला आहे. फाल्गुन आहे, म्हणून ७९, म्हणजे १६३०. तिथून निघणारी १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन कालगणनेतली आहे, आजच्या ग्रेगोरियन हिशेबानं तो दिवस १ मार्च. ती बदलून लिहायचा उत्साह करू नका. शासनानं आणि लोकांनी १९ फेब्रुवारी स्वीकारली आहे, तीच लिहा. तिथीच्या दिवशी पुन्हा लिहायला फळा मोकळा आहेच. रशियातली ऑक्टोबर क्रांती नोव्हेंबरच्या फळ्यावर का येते, याचंही उत्तर हेच: तिथली २५ ऑक्टोबर म्हणजे नव्या कालगणनेतली ७ नोव्हेंबर.

जयंती कितवी हे काढायला या वर्षातून जन्मवर्ष वजा करा. १८९१ ते २०१६, एकशे पंचविसावी. यात एक मिळवू नका.

शब्दही जपून निवडा. बाबासाहेबांसाठी महापरिनिर्वाण, फाशी गेलेल्यांसाठी बलिदान, लेखक-कलावंतांसाठी स्मृतिदिन. 'मेले' हा शब्द मी गोदीतल्या कुणासाठीही लिहिला नाही. 'कामावर असताना प्राण गेले' असं लिहिते. जागा जास्त लागते, लागू दे.

लिहायची वेळ सकाळी साडेसहाच्या आत. डॉकयार्ड रोडला गाडी पकडायला निघालेला माणूस फळ्यासमोर फार तर दहा सेकंद थांबतो, म्हणून ओळी पाचच्या वर नकोत. १४ एप्रिलचा फळा मात्र १३ ला रात्री दहापर्यंत तयार हवा. बारा वाजता जयंतीसाठी मुलं मेणबत्त्या घेऊन खाली उतरतात, तेव्हा फळ्यावर जालियनवाला बाग असून चालत नाही. ती १३ तारखेची ओळ असते, रात्री ओल्या फडक्यानं पुसायची आणि फळा पूर्ण वाळू द्यायचा. ओल्यावर खडू उमटत नाही.

माझा १४ एप्रिल आता असा असतो:

१८९१: डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म, महू.
१९४४: मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी स्फोट. शेकडो मृत्युमुखी. अग्निशमन दलाच्या ६६ जणांचे कामावर असताना प्राण गेले.
१८६५: लिंकन यांच्यावर रात्री गोळीबार.
१९१२: टायटॅनिक रात्री हिमनगावर आदळले.

१५ ला सकाळी शेवटच्या दोन ओळींची क्रियापदं बदलायची: निधन, बुडाले. जन्माची ओळ पुसायची. गोदीची ओळ खालच्या कोपऱ्यात उतरवून २० एप्रिलपर्यंत ठेवायची, कारण तोवर अग्निशमन सेवा सप्ताह चालू असतो. त्या कोपऱ्याला फडका लागणार नाही याची काळजी घ्या.