ईसीएमवर ठपका ठेवण्यापूर्वी

चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागत नसेल, स्कॅनर जोडूनही संपर्क होत नसेल आणि गाडी सुरूच होत नसेल, तर ईसीएम (इंजिन नियंत्रित करणारा गाडीतील संगणक) गेला असे गॅरेजमध्ये फार लवकर ठरवले जाते. ईसीएमला वीज किंवा अर्थ (बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणी) मिळत नसला तरी हीच तिन्ही लक्षणे दिसतात. म्हणून इतका महाग भाग बदलण्याआधी त्याचा पुरवठा मोजून पाहावा.

आधी बॅटरी मोजावी; इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात. त्यानंतर वायरिंग डायग्रॅम समोर ठेवून ईसीएमचे फ्यूज, मेन रिले (ईसीएमचा पुरवठा चालू-बंद करणारा विद्युत स्विच) आणि कनेक्टरवर येणारा पुरवठा तपासावा. येथे केवळ मल्टिमीटरवर विसंबू नये, कारण वायरीची एकच तार शाबूत राहिली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. त्याच वायरीवर छोटा बल्ब नीट पेटतो का, हे पाहणे अधिक खात्रीचे. स्टार्टर फिरत असताना ईसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातील फरक ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. तो जास्त भरल्यास गंजलेला अर्थ पॉइंट शोधून घासावा.

सर्वाधिक फसगत सेन्सरना जाणाऱ्या ५ व्होल्टच्या पुरवठ्यात होते. तो नाहीसा झाला, तर एकेक सेन्सर काढत जावे. एखादा सेन्सर काढताच पुरवठा परतला, तर शॉर्ट त्या सेन्सरमध्ये आहे. सगळे काढूनही परतला नाही, तर आधी वायरिंग आणि मगच ईसीएम संशयाच्या कक्षेत येतो. स्कॅनरवर दिसणारे पी०६०१ किंवा पी०६०६ असे कोड ईसीएमच्या अंतर्गत दोषाकडे निर्देश करतात, तरीही पुरवठ्याची खातरजमा टाळू नये.

सर्व तपासण्या निर्दोष ठरल्या, तरच बॅटरीचे ऋण टोक सोडवून ईसीएम काढावा आणि हाताला अर्थ जोडलेला पट्टा बांधून तो उघडावा. जेल भरलेले किंवा कायमचे बंद केलेले ईसीएम मात्र घरी उघडू नयेत. बोर्डवर पाणी शिरल्याची हिरवट गंज दिसल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो साफ करावा. १९९० च्या दशकातील अनेक जपानी गाड्यांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळून बोर्डचे ट्रॅक खातात; अशा वेळी तेवढ्याच क्षमतेचा, १०५ अंश सेल्सिअस सहन करणारा कपॅसिटर ध्रुव जुळवून बसवावा. इग्निशन कॉइलचा ड्रायव्हर (कॉइल चालू-बंद करणारा बोर्डवरील भाग) जळालेला असेल, तर नवा लावण्यापूर्वी कॉइलचा रोध मोजावा, अन्यथा नवाही त्याच वाटेने जातो.

भंगारातून आणलेला ईसीएम क्रमांक जुळूनही बहुधा गाडी सुरू करत नाही, कारण इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) माहिती जुन्याच्या मेमरीत असते. ती वाचून नव्यात उतरवण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे आणि ते पूर्ण होईपर्यंत जुना बोर्ड टाकून देऊ नये. कोकणातील पावसाळ्यात ओला झालेला ईसीएम दुरुस्त करून परत बसवताना पाणी कोणत्या वाटेने आले हेही शोधावे. काचेखालच्या जाळीत साचलेल्या पानांमुळे निचरा तुंबणे, हे त्याचे नेहमीचे कारण असते.