‘स्टार्ट झाली ना, मग झालं!’ : बॅटरीच्या या चुका टाळा

सकाळी सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. शेजाऱ्याची गाडी आणून जम्पर केबल लावली, इंजिन सुरू झालं, केबल गुंडाळून डिकीत गेली. अर्धा तास गाडी फिरवून आणली आणि जागेवर लावली. संध्याकाळी पुन्हा टिकटिक. मग निदान ठरलेलंच: बॅटरी गेली, नवीन घ्या.

यातल्या कितीतरी बॅटऱ्या गेलेल्या नसतात, उपाशी असतात. हिशेब करून बघा. ४५ अँपिअर-अवरची (ही तिची साठवण क्षमता) बॅटरी रात्रभर तशीच ठेवून मीटरवर १२.० व्होल्ट दाखवत असेल, तर तिच्यात जेमतेम पाव भाग शिल्लक आहे. भरायचे आहेत साधारण ३४ अँपिअर-अवर. अर्ध्या तासाच्या चकरीत, एसी आणि दिवे चालू असताना, त्यातले सात-आठ परत गेले तरी पुष्कळ. बाकीची भूक तशीच राहते. उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेट साचतं. ताजं असतं तोवर ते चार्जिंगने निघतं, पण आठवडेच्या आठवडे तसंच पडलं की त्याचे कडक खडे होतात. त्यानंतर चार्जर कितीही लावा, हरवलेली क्षमता पुरती परत येत नाही.

म्हणून जम्प देऊन गाडी घरी आणली की त्याच दिवशी बॅटरी चार्जरला लागली पाहिजे. करंट क्षमतेच्या दहाव्या भागाइतका, म्हणजे ४५च्या बॅटरीला ४ ते ४.५ अँपिअर. इतक्या उतरलेल्या बॅटरीला दहा-बारा तास लागतात, आणि लागू द्यावेत. आधी चिमटे लावायचे, मग चार्जरचा स्विच, काढताना उलट. चार्जर जुन्या, हाताने बंद करायच्या पद्धतीचा असेल तर घड्याळावर विसंबू नका. हायड्रोमीटरची (ॲसिडची घनता मोजणारी काचेची नळी) तासातासाने घेतलेली तीन रीडिंग सारखी आली की बॅटरी भरली. घनता १.२६५ ते १.२८ दरम्यान हवी. बॅटरीच्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) पाच सेल १.२६ आणि एकच १.२० असेल, तर तो सेल खराब आहे. मग चार्जरशी झटापट करण्यात अर्थ नाही.

‘तासाभरात बूस्टर मारून द्या’ म्हणणाऱ्यांना काय सांगावं! २०-२५ अँपिअर रेटले की छोटी बॅटरी तापते, पाणी उडतं, प्लेटा वाकतात. वाचलेल्या वेळेची किंमत सहा महिन्यांनी नव्या बॅटरीच्या रूपाने मोजावी लागते. चार्ज होताना बॅटरीचं अंग हाताला चटका देत असेल तर करंट कमी करा किंवा थांबा.

दुसरी लाडकी चूक म्हणजे न मोजता बॅटरी बदलणं. एका गाडीला वर्षात दोन नव्या बॅटऱ्या बसल्या. प्रत्येक वेळी आठवडाभर बरं, मग पुन्हा सेल्फ जड. तिसरी घ्यायची तयारी झाली, तेव्हा कुठे कोणीतरी मल्टिमीटर काढला. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन शिशाच्या खांबांवर ११ व्होल्ट, उत्तम. मग मीटरची एक टोचणी मायनसच्या खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा सेल्फ मारला. मीटर म्हणाला १.९ व्होल्ट. तिथे फार तर ०.२ असायला हवेत. म्हणजे जवळजवळ दोन व्होल्ट वाटेतच जिरत होते. अर्थची (मायनसची) तार बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली होती तिथे लगखाली, म्हणजे तारेच्या टोकाच्या चकतीखाली, गंज होता, वरून दिसत नव्हता. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने धातू चकचकीत केला, पुन्हा आवळला. काम वीस मिनिटांचं. दोन्ही बॅटऱ्यांचा काहीच दोष नव्हता.

टर्मिनलचंही तेच. वरची पांढरी-हिरवी भुकटी दिसते म्हणून लोक तेवढीच पुसतात. खरा अडथळा क्लॅम्पच्या आतल्या बाजूला असतो, काळपट थराच्या रूपात. क्लॅम्प काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. हा क्रम पाळला नाही आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होऊन पाना जागीच लाल होतो. भुकटीवर खाण्याच्या सोड्याचं पाणी, फेस थांबेपर्यंत. ते झाकणातून आत जाऊ देऊ नका. आतून तारेचा ब्रश, कोरडं पुसा, क्लॅम्प हाताने फिरणार नाही इतका आवळा, आणि पेट्रोलियम जेली त्यानंतर बाहेरून. क्लॅम्प बसत नाही म्हणून वर हातोडी मारणारे महाभाग आहेत. शिसं मऊ असतं, खांब आतून सुटतो.

इंजिन चालू ठेवून टर्मिनल काढायचं आणि ‘गाडी बंद पडली नाही, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) ठीक’ असं ठरवायचं, हा जुना प्रयोग कृपया कायमचा बंद करा. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटरचा दाब क्षणभर भलताच उसळतो आणि कंट्रोल युनिट जळू शकतं. टर्मिनल न काढता चालू गाडीत मीटर लावा. साधारण १३.८ ते १४.५ आलं की झालं. आजकालच्या काही गाड्या हा आकडा मुद्दाम खालीवर करतात, तेव्हा दिवे आणि एसी लावून पुन्हा बघा.

पाण्याबद्दल थोडक्यात. फक्त डिस्टिल्ड. नळाच्या पाण्यातलं क्लोराइड आणि लोह प्लेटांना खातं. ॲसिड कधीच टाकायचं नाही, कारण उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच असतं. पाणी चार्जिंगनंतर भरा. आधी काठोकाठ भरलं तर पातळी वाढून ॲसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील इतकंच.

गाडी आत्ताच चालवून आणली आणि मीटर १२.९ दाखवतोय म्हणून खूश होऊ नका, तो वरवरचा चार्ज असतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा. झाकणावरचा, चार्ज दाखवणारा हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलचं सांगतो.

जम्प देताना काळ्या केबलचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीवर लावू नका, त्याच गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. ठिणगी तिथे पडू दे. बॅटरीजवळ हायड्रोजन असतो आणि हवेत ४ टक्के झाला की पेट घेतो.

एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेल्या, सीलबंद) बॅटरीला चार्जरचा एजीएम मोडच. १५-१६ व्होल्टचा ‘रिपेअर’ मोड तिच्यातलं पाणी उडवतो, आणि ते परत भरायला झाकणच नसतं.

उभ्या गाडीची बॅटरी दर आठवड्याला उतरत असेल तर आधी गळती शोधा. मायनस तारेत मीटर सीरिजमध्ये, म्हणजे तार काढून तार आणि खांब यांच्या मध्ये, लावा, दारं बंद करा, अर्धा तास थांबा. घाईने लगेच बघाल तर आकडा मोठाच दिसेल, कारण गाडीतली युनिटं अजून झोपलेली नसतात. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. तेवढ्याने ४५ची बॅटरी अर्धी व्हायला अठरा-एकोणीस दिवस लागतात. थेट जोडलेला डॅशकॅम ३०० ओढत असेल तर तीनच दिवस. आकडा मोठा असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्यावर तो धपकन खाली येईल, तिथे चोर आहे. मीटर असा लावलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, त्याचा १० अँपिअरचा फ्यूज त्या क्षणी उडतो.